पूर्वीचा उपयोग

सापळा मिटला तेव्हा त्यात उंदीर नव्हता, बोट नव्हतं. एक पेन्सिल तेवढी होती. लेकीनं ती मुद्दाम घातली होती, स्प्रिंगला जोर किती आहे ते बघायला. टक् असा आवाज झाला, पेन्सिलीचे दोन तुकडे झाले, एक तुकडा घरंगळत टेबलाखाली गेला, आणि लेक टाळी वाजवून म्हणाली, "बाबा, बघितलंत?" बाबांनी काही बघितलं नव्हतं. तो त्या वेळी शेजारच्या खोलीत कपाटाला पाठ टेकवून, उजव्या हाताची बोटं डाव्या काखेत घट्ट दाबून उभा होता. आपण इथे कधी आलो हे त्याला आठवेना. खुर्चीवरून उठलेलं आठवेना, मधलं दार ओलांडलेलं आठवेना. जो माणूस पंचवीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात फिटर म्हणून काढतो, शेजारी प्रेस दणदणत असताना ज्याला डबा खाऊन बसल्या बसल्या डुलकी लागते, त्यानं उंदराच्या सापळ्याला भिऊन पळावं, म्हणजे हसावं की रडावं अशीच गोष्ट. "काय मोडलं गं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. "पेन्सिल," लेक म्हणाली, "आणि बाबा." दोघी हसल्या. मग तोही हसला, आतल्या खोलीतूनच, त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

प्रकरण असं होतं की फिजिक्सच्या मॅडमनी नववीच्या वर्गाला गाडी करायला सांगितली होती. बॅटरी नाही, मोटर नाही, हातानं ढकलणं नाही; गाडी चालायची ती फक्त उंदराच्या सापळ्यातल्या स्प्रिंगवर. जिची गाडी सगळ्यांत लांब जाईल ती पहिली. सापळा तेवढा विकत आणायचा, बाकी सगळं घरातल्या अडगळीतलं. आणि मॅडमचा एक छापील कागद होता, त्यात गाडीच्या प्रत्येक भागाची नोंद करायची: भागाचं नाव, कशाचा बनलाय, कुणाकडून मिळाला, आणि शेवटचा रकाना, पूर्वीचा उपयोग. लेक दर संध्याकाळी हे सगळं टेबलावर मांडून बसायची आणि त्याला शिकवायची. बापाला शिकवण्यात पोरींना जो आनंद असतो, तो मार्क मिळवण्यातही नसावा. "हे बघा बाबा, सापळ्याचा दांडा असा एका झटक्यात मिटतो. सगळी ऊर्जा एकदम गेली की गाडी जागच्या जागी चाकं घसरवते आणि थांबते. म्हणून दांड्याला लांब काडी बांधायची. काडीच्या टोकाला दोरा, दोरा मागच्या कण्याला गुंडाळायचा. मग काडी हळूहळू येते, दोरा हळूहळू सुटतो, आणि कणा फिरत राहतो." काडी म्हणून तिनं जुन्या छत्रीची तार घेतली होती. मागची चाकं म्हणजे दोन सीड्या. पुढची चाकं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची बुचं. "ऊर्जा कुठे जात नाही बाबा," ती फार गंभीरपणे म्हणायची, "दाबून ठेवली की तिथेच राहते. कितीही वर्षं." "स्प्रिंग गंजते की," तो म्हणायचा. "गंजली तरी," ती म्हणायची. मॅडमनी असंच सांगितलं होतं की ही तिची स्वतःची भर होती, कोण जाणे. पण त्यानं ते वाक्य कामावर नेलं, परत आणलं, आणि अंथरुणावरही ते त्याच्याबरोबर पडून राहिलं.

अडचण आली ती मागच्या चाकांची. सीडीचं भोक मोठं, कणा म्हणजे सायकलच्या चाकाची तार, बारीक. मध्ये काहीतरी भरायला हवं. लेकीनं खोडरबर कापून बघितलं, मेण ओतून बघितलं. चाक लटलट करायचं. मग एका रविवारी सकाळी तो दाढी करत असताना तिनं माळ्यावरची त्याची पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत काय असतं? फिटरच्या पेटीत जे असतं तेच: दात गेलेल्या करवतीची पाती, न जुळणारे स्क्रू, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या आणि कधीच न लागलेल्या वस्तू. आणि तळाशी, पिवळ्या पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं, बोटाच्या पेराएवढं एक पितळी टोपण. तिनं फडकं सोडलं आणि ती ओरडलीच. "बाबा! हे बघा, हे तर असं बसतंय!" तोंडाला फेस तसाच ठेवून तो बाहेर आला. टोपणाला पायरी होती. खालचा बारीक भाग सीडीच्या भोकात बोट अंगठीत बसावं तसा बसला होता. मधोमध आरपार छिद्र होतं, त्यातून सायकलची तार नेली तर ती हलत नव्हती, डुलत नव्हती. लेकीनं चाक फिरवलं. ते फिरत राहिलं. पितळ वर्षानुवर्षं फडक्यात राहून अजून चकाकत होतं. "किती मस्त केलंय," ती म्हणाली. "कुणी केलं?" आणि त्याच्या तोंडून, फेसातून, विचार करायच्या आत निघून गेलं, "मी." ही एक गोष्ट त्याला स्वतःलाच नंतर उमगेना. नाही म्हणायचं होतं, भंगारातून आणलं म्हणायचं होतं. पण आपल्या हातच्या चांगल्या कामाला दुसऱ्याचं म्हणणं त्याला जमलं नाही. "कशाचं आहे हे?" "मशीनचं." "कुठल्या मशीनचं? मॅडम विचारतात हो बाबा. पूर्वीचा उपयोग." "सांगेन नंतर," तो म्हणाला आणि उरलेली दाढी करायला आत गेला. आरशात बघायचं टाळून दाढी करता येत नाही. त्यानं हनुवटी कापून घेतली.

ते टोपण त्यानं का फेकलं नव्हतं? नदीत टाकता आलं असतं, भट्टीत वितळवता आलं असतं, कारखान्याच्या मागच्या भंगाराच्या ढिगात तर मिनिटाचं काम. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यानं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता उत्तराची वाटही बघायचा नाही. खरं उत्तर लाजिरवाणं होतं: ते टोपण त्याच्या हातून झालेलं सगळ्यांत देखणं काम होतं. केसाइतकीही फट नाही. पाव फेरा फिरवलं की जागेवर बसायचं, उलटा पाव फेरा फिरवलं की निघायचं, आणि निघताना चोरट्यासारखा इतका बारीक आवाज करायचं की शेजारच्यालाही कळू नये. पत्रा कापायच्या मोठ्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही. म्हणजे साचा पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, साच्याबाहेर, सुखरूप. कागदावर हे फार छान आहे. पण सकाळपासून दोन हजार पत्रे कापायचे असले की दर वेळी दोन्ही हात बटणांवर न्यायचे, आणायचे, पत्रा सरकवायचा, पुन्हा न्यायचे, यात माणूस मागे पडतो, आणि मागे पडलेल्याकडे साहेब बघतो. म्हणून कुणी बटणात काडी खुपसायचा, कुणी चिकटपट्टी लावायचा. एक बटण कायम दाबलेलं राहिलं की एक हात मोकळा. काडी मोडायची, चिकटपट्टी सुटायची. मग प्रेसवरचा वकील त्याच्याकडे आला. वकील म्हणजे कुठला वकील; चौथीनंतर शाळा बघितलेली नाही, पण चहा कपात प्यावा की बशीत यावरही तासभर दोन्ही बाजू मांडणारा माणूस, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. "तुझ्या हातात कला आहे की नुसता पाना आहे?" वकील म्हणाला होता. "एक असं कर की बसवलं की बसलं, काढलं की निघालं. इन्स्पेक्टर आला की खिशात." शब्द लागला त्याला. दुसऱ्या दिवशी डबा न खाता त्यानं लेथवर पितळेचा तुकडा चढवला आणि टोपण केलं. काढायला सोपं जावं, तार अडकवता यावी म्हणून मधोमध छिद्रही पाडलं. कुणीही मागितलेलं नसताना वर पॉलिश केलं. ते बटणावर चढलं तेव्हा पाच-सहा जण कामं सोडून बघायला आले होते, आणि वकिलानं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "मानलं बुवा." इतकी मोठी शाबासकी त्याला त्याआधी मिळाली नव्हती, त्यानंतर तर नाहीच.

सतरा दिवस. मोजलेत त्यानं. अठराव्या दिवशी दुपारी तो पलीकडच्या टोकाला पट्टा बदलत असताना प्रेसचा दणका आला, आणि त्यानंतर जो यायचा तो दुसरा दणका आला नाही. कारखान्यात माणूस आवाजानं दचकत नाही, आवाज थांबला की दचकतो. तो धावला. वकील ओरडतही नव्हता. "डावा हात उजव्याच्या आधी धावला रे," एवढंच तो सारखं म्हणत होता, जणू दोन हातांत काही वाद होता आणि तो त्यांचा निवाडा करत होता. त्याला उचलून नेलं. लोक त्याच्यामागे गेले. आणि तो, फिटर, मागे राहिला. हे त्याला स्वच्छ आठवतं, तेलाच्या वासासकट आठवतं: त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर अजून आला नव्हता, साहेबांनी इशारा केला नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. त्यानं हात पुढे केला, पाव फेरा उलटा फिरवला, आणि टोपण पँटच्या खिशात टाकलं. ते गरम होतं. पुढे चौकशी झाली. वकील हाताला पांढरं गाठोडं बांधून टेबलासमोर बसला होता, आणि जन्मभर प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू मांडणारा तो माणूस त्या दिवशी एकच वाक्य बोलला: "उजव्या बटणावर टोपण होतं." टोपण कुठे आहे, साहेबांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मग फिटरला बोलावलं. बटणं तू तपासलीस? तपासली. काही होतं त्यावर? वकील त्याच्याकडे बघत होता. रागानं नाही, विनवणीनंही नाही. पानाच्या टपरीवर मित्राकडे बघावं तसा, आता हा बोलेल अशा नजरेनं. "कसलं टोपण?" फिटर म्हणाला. "मी तर काही बघितलं नाही." बाकीचे पाच-सहा जण, जे बघायला आले होते, त्यांनीही काही बघितलं नव्हतं. उंदराला मांजर साक्ष. कागदावर लिहिलं गेलं की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणानं झाला आणि कामगारानं खोटं विधान केलं. खाली फिटरची सही. वकील पुन्हा कामावर आला नाही.

यानंतर त्या दोघांनी एकमेकांचं तोंड बघू नये, अशी शहराची रचना असती तर बरं झालं असतं. पण लेक पाचवीत गेली, शाळेच्या पहिल्या दिवशी तो तिला सोडायला गेला, आणि गेटवर खाकी कपड्यांत वकील उभा होता. डाव्या हातानं सलाम करत होता सगळ्यांना. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच. फिटरनं लेकीचं बोट सोडलं आणि म्हणाला, "जा तू, मला उशीर होतोय." त्या दिवसापासून तो तिला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी सोडतो. पालकसभेला बायको जाते, स्नेहसंमेलनाला बायको जाते. लोकांना वाटतं, माणूस लाजाळू आहे. चार वर्षं त्यानं चोराच्या मनातलं चांदणं काय असतं ते रोज सकाळी सव्वासातला बघितलं. लेक मात्र घरी येऊन वॉचमनकाकांच्याच गोष्टी सांगायची. "काकांची बोटं कुणी खाल्ली माहितेय? मगरीनं!" पुढच्या वर्षी वाघानं. नंतर म्हणे हेडमास्तरांनी, गृहपाठ केला नाही म्हणून. दर वर्गाला वेगळी गोष्ट. "तुला खरं वाटतं?" बायको विचारायची. "छे, पण सांगतात किती मस्त," लेक म्हणायची. आणि तो, ताटावर बसलेला, घास तोंडात फिरवत राहायचा. त्याला एकच भीती असायची: एखाद्या वर्षी काकांच्या गोष्टी संपतील आणि ते खरीच गोष्ट सांगतील. पण वकिलानं सांगितली नाही. कदाचित ही कुणाची पोर हे त्याला ठाऊक नसेल. शाळेच्या वॉचमनला सगळ्यांच्या पोरी ठाऊक असतात, हे फिटरलाही ठाऊक होतं.

आता गाडीला एक मागचं चाक पितळेचं झालं, दुसरं तसंच लटलटतं. "बाबा, असंच आणखी एक करून द्या ना," लेक म्हणाली. "तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम." तो हो म्हणाला. नाही कसा म्हणणार, आणि का म्हणून सांगणार? सोमवारी त्यानं पितळेचा तुकडा लेथवर चढवला. माप त्याला पाठ होतं. कागद लागणार नव्हता. पहिला काप बरोबर आला. पायरीचा काप घेताना हत्यार आत घुसलं, तुकडा बारीक झाला. दुसरा घेतला. तोही गेला. तिसऱ्या वेळी त्यानं आपल्या हाताकडे बघितलं, तर हात थरथरत नव्हता, अगदी शांत होता; आणि तरी पितळ पुन्हा बारीक झालं. शेजारच्या लेथवरचा पोऱ्या, पोऱ्या म्हणजे तिशीचा बाप्या, हसून म्हणाला, "म्हातारे झालात की काय उस्ताद?" "झालो," फिटर म्हणाला. तीन बिघडलेले तुकडे खिशात घालून तो घरी आला आणि लेकीला म्हणाला की लेथ बंद आहे. लेकीनं तोंड पाडलं, मग दुसऱ्या चाकात बाटलीचं बूच आणि मेण भरून वेळ मारून नेली. घरातल्या घरात गाडी चालवून बघितली. ती डावीकडे ओढायची. "पितळेचं चाक कण्याला घट्ट धरतं आणि हे बुचाचं घसरतं," लेकीनं निदान केलं. "म्हणून एक बाजू पुढे पळते. असू दे." मग कागद पुढे ओढून म्हणाली, "सगळं भरलंय, सातवी ओळ राहिलीय. 'कुणाकडून मिळाला' मध्ये मी लिहून टाकलं." तिनं निळ्या शाईनं, गोल अक्षरांत लिहिलं होतं: माझ्या बाबांनी स्वतः बनवलं. शेवटचा रकाना कोरा होता. "उद्या सांगतो," तो म्हणाला. हा उद्या चार दिवस चालला.

चाचणीच्या दिवशी एका पालकानं यायचंच, कागदावर सही करायची, असा मॅडमचा नियम. बायकोच्या ऑफिसात नेमकी तपासणी निघाली. "जाऊन या की," ती म्हणाली, "शाळा काय खाणार आहे तुम्हाला?" तो अर्धी रजा टाकून गेला. औषधाच्या दुकानापाशी पाय सवयीनं थांबले. गाडीचं खोकं लेकीच्या हातात होतं, ती पुढे गेली, मागे वळून बघितलं. "बाबा?" तो चालू लागला. गेटवर दुसराच कुणी तरुण वॉचमन होता. फिटरच्या अंगावरचं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं. इतका हलका तो कित्येक वर्षांत झाला नव्हता. गेटवरच्या तरुणाला त्यानं उगाच नमस्कार केला, आत जाताना लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि भिंतीवरचे तक्तेसुद्धा वाचले. वरच्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा होता. जमिनीवर खडूनं मीटरच्या रेघा मारल्या होत्या. एकीकडे वर्गांची दारं, दुसरीकडे मधोमध जिना, खाली उतरणारा. गाड्या जिन्यावरून गडगडत खाली जाऊ नयेत म्हणून मॅडमनी जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून माणूस बसवला होता. त्या माणसानं डाव्या हातानं कुणाला तरी सलाम केला.

परत फिरायला आता जागा नव्हती. मागे पालक, पुढे मुली. तो भिंतीला टेकून उभा राहिला. एकेक गाडी सुटत होती. काही दीड मीटरवर थांबल्या, एक जागच्या जागी उलटली आणि सगळे हसले. लेकीचा नंबर आला. तिनं गुडघ्यावर बसून दोरा गुंडाळला, छत्रीची तार मागे ओढून धरली, गाडी जमिनीवर ठेवली. त्याला वाटलं, थांब म्हणावं. नेमकं काय थांबव, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लेकीनं बोट काढलं. तार सावकाश, एखादा म्हातारा झोपेतून उठावा तशी उठू लागली, सीड्या फिरल्या, उन्हाचे तुकडे छतावर नाचले. एक मीटर, दोन, चार. कुणीतरी "अरे वा" म्हणालं. पाचव्या रेघेपाशी ती डावीकडे ओढू लागली. सहाव्या रेघेवर ती वळली, आणि सरळ जिन्याकडे निघाली. वकील वाकला आणि त्यानं उजवा हात पुढे केला. अंगठा आणि करंगळी. त्या दोघांत त्यानं पितळेचं चाक अलगद धरलं. छत्रीची तार अजून अर्ध्यावर होती, दोरा ताठ. चाक त्याच्या अंगठ्याखाली फिरायला बघत होतं. लेक धावत गेली. फिटरही गेला. त्या सहा मीटरांना त्याला किती वेळ लागला हे मोजणारं कुणी नव्हतं.

वकील चाकाकडे बघत होता. अंगठा पितळेच्या कडेवरून एकदा फिरला, पायरीवर थांबला. "हे कुणी केलं पोरी?" "माझ्या बाबांनी," लेक धापा टाकत म्हणाली. "लेथवर. खूप पूर्वी." "काम चोख आहे," वकील म्हणाला. "पाव फेऱ्यात बसत असणार." "तुम्हाला कसं कळलं काका?" काकांनी मान वर केली आणि फिटरकडे बघितलं. तीच नजर होती, टपरीवरची, आता हा बोलेल अशी. फक्त आता तिच्यात वाट बघणं नव्हतं. मागे मॅडम कुणाला तरी मोजपट्टी धरायला सांगत होत्या.

"होतं," तो म्हणाला. "टोपण होतं."

वकील म्हणाला, "मग मी काय वेगळं म्हणालो होतो?"

"मी... त्या दिवशी..."

"मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे की." आवाजात राग असता तर फिटरला बरं वाटलं असतं. वकिलानं गाडी लेकीपुढे धरली, पण चाक सोडलं नाही. "नीट धर हं पोरी, तारेपासून बोटं लांब ठेव. अजून जोर शिल्लक आहे हिच्यात." तिनं दोन्ही हातांनी धरल्यावरच त्यानं अंगठा काढला. मग स्टूल थोडं सरकवून तो पुढच्या गाडीची वाट बघत बसला, पाठ फिटरकडे करून.

सहा मीटर आणि वर वीस सेंटिमीटर. मॅडम म्हणाल्या, सरळ गेली असती तर पहिली आली असती. "आणि सातवी ओळ कोरी आहे गं तुझी. बाबा आलेत ना, विचार आणि भरून दे." लेक खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभी राहिली, पेनाचं टोक कोऱ्या रकान्यावर. "हं बाबा. पूर्वीचा उपयोग." तो तिच्या शेजारी उभा होता. खिशात हात घातला तर पितळेचे ते तीन बिघडलेले तुकडे बोटांना लागले. "लिही," तो म्हणाला. "प्रेसचं एक बटण सतत दाबून ठेवण्यासाठी." तिनं लिहिलं. रकाना लहान होता, अक्षरं बारीक करावी लागली. "का दाबून ठेवायचं?" "एक हात मोकळा राहावा म्हणून. पत्रा आत सरकवायला." "साच्यात?" "साच्यात." ती 'एक हात' एवढं लिहून थांबली. मुली चौदाव्या वर्षी बऱ्याच गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर जोडतात. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं व्हरांड्याच्या मध्यावर, स्टुलाकडे बघितलं, जिथे कुणाची तरी गाडी थांबवायला एक उजवा हात पुढे झाला होता.

"म्हणजे मगर नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"आणि काकांनी सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं होतं. त्यांनी खरं सांगितलं होतं. मी म्हणालो, टोपण नव्हतंच."

पलीकडे कुणाची गाडी उलटली, मुली खिदळल्या. लेकीनं कागदावर नजर खाली आणली. तिथे तिचीच गोल निळी अक्षरं होती: माझ्या बाबांनी स्वतः बनवलं. ती ओळ तिनं पुन्हा वाचली. ओठ हलताना त्याला दिसले. "ते खोड," तो म्हणाला. "खोडून टाक ते. भंगारातलं म्हणून लिही."

"नको," ती म्हणाली. "खरंच आहे ते. राहू दे." तिनं वाक्य पुरं केलं, पेनाला टोपण लावलं, आणि सहीची जागा दाखवण्यासाठी कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं सही केली. मग त्याची वाट न बघता ती मॅडमकडे गेली, आणि जाताना गाडी त्याच्या हातात न देता आपल्याच छातीशी धरून घेऊन गेली.